जीवानं धसका घेतलाय

25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला तो पुण्यातल्या बहुतेकांनी मोबाईलवर बघितला, ओढ्याकाठच्या वस्त्यांनी मात्र तो घरात शिरताना बघितला. नंतर मी तिथे समाजकार्याच्या कामासाठी जायचे. एका मावशींकडे बसून मनावरच्या आघाताची प्रश्नावली भरत होते, इंग्रजीतून मराठीत केलेली. "गेल्या महिन्यात त्या घटनेच्या नकोशा आठवणी वारंवार आल्या का?" नाही. "भावना बधिर झाल्यासारखं वाटतं का?" नाही. सगळं नाही नाही करत स्कोअर एवढा कमी आला की कागदावर मावशी एकदम ठणठणीत. मी चपला घालत होते तेव्हा त्या म्हणाल्या, "पत्र्यावर पाऊस वाजला की पोटात गोळाच येतो गं, त्या रात्रीपासनं जीवानं धसका घेतलाय." आणि खुंटीला उंच टांगलेली प्लॅस्टिकची पिशवी दाखवली. रेशनकार्ड, आधार, नातवाचा दाखला. पावसाळ्यात ती पिशवी रात्री उशाशी असते आणि मावशी जाग्या असतात.

म्हणजे ट्रॉमा, मनावरचा आघात, होताच, आमच्या कागदाला त्याचं नाव माहीत नव्हतं एवढंच.

आपल्याकडे या गोष्टीला शब्द कमी नाहीत. धसका घेणं, हाय खाणं, काळजात धस्स होणं, जीव थाऱ्यावर नसणं. सगळे शब्द शरीरातले आहेत बघा, आणि शास्त्राच्या दृष्टीनेही ते बरोबर ठिकाणी बोट ठेवतात. धोका जाणवला की मेंदूतला अमिग्डाला नावाचा छोटासा भाग, आपण नीट विचार करायच्या आधीच अलार्म वाजवतो, अॅड्रेनालिन सुटतं, छाती धडधडते, रक्त पोटाकडून हातापायांच्या स्नायूंकडे वळतं आणि पचन मंदावतं, तोच तो पोटातला गोळा. हा अलार्म खुणा लक्षात ठेवतो. पत्र्यावरचा आवाज ही मावशींची खूण, त्यामुळे ओढ्याला पाणी नसलं तरी शरीर पळायच्या तयारीत.

दुःख शरीरातून सांगायची ही पद्धत फक्त आपली नाही. आर्थर क्लाइनमन या मानसोपचारतज्ज्ञांनी चीनच्या हुनान प्रांतात 'न्यूरॅस्थेनिया', म्हणजे थकवा, डोकेदुखी, झोप नाही असं निदान असलेले 100 पेशंट तपासले, त्यातल्या 87 जणांना डिप्रेशनचे निकष लागू पडत होते. हे 1982 मध्ये छापून आलं. पेशंट खोटं बोलत नव्हते, ते त्यांच्या भाषेत सांगत होते.

पीटीएसडी, म्हणजे 'पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर', आघातानंतर मागे राहणारा मानसिक त्रास, हे निदान अमेरिकेच्या मानसिक आजारांच्या अधिकृत यादीत 1980 ला आलं, त्यामागे व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचा मोठा अनुभव होता. उपयोगी निदान आहे, माझं त्याच्याशी भांडण नाही. पण त्यातला 'पोस्ट' म्हणजे नंतरचा. सैनिक युद्ध सोडून घरी आला, मावशींचं घरच ओढ्याकाठी आहे, दर जूनला आभाळ भरून येतं आणि त्यांचं 'नंतर' काही सुरूच होत नाही. तिथे नुसतं समुपदेशन काय करणार?

मला सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं ते झिम्बाब्वेचं काम. तिथल्या शोना भाषेत 'कुफुंगिसिसा' म्हणतात, म्हणजे अति विचार करणं, आपल्या बायका "लई इचार येत्यात" म्हणतात ना, अगदी तेच. डॉ. डिक्सन चिबांडा या मानसोपचारतज्ज्ञांनी 2006 मध्ये राजधानी हरारेत 14 आज्यांना ट्रेनिंग देऊन, त्रासलेल्या माणसांशी बोलायला दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसवलं. आज्या डिप्रेशन शब्द वापरत नाहीत, कुफुंगिसिसाबद्दल बोलतात आणि शेवटी एक ठरावीक अडचण निवडून त्यावर काय करता येईल ते माणसाकडूनच काढून घेतात. 2016 मध्ये याची रीतसर चाचणी प्रसिद्ध झाली, 6 महिन्यांनी बाकावर आलेल्यांपैकी साधारण 14 टक्क्यांमध्ये डिप्रेशनची लक्षणं उरली होती, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांमध्ये 50 टक्के. फरक केवढा आहे!

आणि बोलतं करायचं म्हणजे खोदून काढायचं नाही. दुर्घटनेनंतर सगळ्यांना बसवून "काय झालं ते सविस्तर सांगा" असं एकदाच वदवून घेतल्याने पीटीएसडी टळत नाही, उलट काहींना त्रास होऊ शकतो, जागतिक आरोग्य संघटनाही ते करू नका म्हणते. पुण्यातल्याच हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी मुळशी-मावळातल्या आणि इतर गावांतल्या बायकांकडून लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्यात सासर, माहेर, बाळंतपण, मरण सगळं आहे. हात कामात, समोर कुणी तोंडाकडे टक लावून बघत नाही, मग आतलं बाहेर येतं. पुढच्या वेळी मी फॉर्म नेलाच नाही, मावशींबरोबर मेथी निवडत बसले. दुसऱ्या जुडीला त्या रात्रीचं बोलणं निघालं.

पण संस्कृती जपायची म्हणजे काहीही चालवून घ्यायचं असं नाही हं. सासूने मीठमिरची ओवाळून दृष्ट काढली तर काढू दे, निदान कुणीतरी जवळ बसून अंगावरून हात फिरवला. पण बुवा मारत असेल, पैसे उकळत असेल, गोळ्या बंद कर म्हणत असेल तर तिथे गप्प बसायचं नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 ला याच शहरात खून झाला, त्यानंतर त्याच वर्षी राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला, तो वापरण्यासाठीच आहे. आणि "आमच्यात असं बोलत नाहीत" हे घरातला कर्ता माणूस सांगतो तेव्हा ते सुनेचं मत आहे का, हे तिला एकटीला गाठून विचारावं लागतं, दहा बाय दहाच्या खोलीत ते अवघड असतं, मग नळावर, दळणाच्या रांगेत. कुणी जगायचंच नाही म्हणत असेल तर मात्र मेथी निवडत बसायचं नाही, माणसाला एकटं न सोडता थेट मानसोपचारतज्ज्ञ गाठायचे, टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबरही मोफत आहे.

मावशींची अडचण आम्ही विचारली तर उत्तर साधं आलं, "रातच्याला पाण्याकडं कोण बघणार?" मग गल्लीतल्या बायकांनीच पाळ्या लावल्या, जोराचा पाऊस असला की दोघी जाग्या राहणार आणि पाणी चढलं तर थाळी वाजवणार. पहिल्या पाळीच्या रात्री मावशी साडेतीनपर्यंत झोपल्या, मग उठून पिशवी चाचपली, दारातून ओढ्याकडे एकदा बघितलं आणि परत आडव्या झाल्या.