रेंज गेली म्हणून जीपीएस बंद पडत नाही

ट्रेकच्या ग्रुपवर दर पावसाळ्यात कोणीतरी लिहितंच, की हरिश्चंद्रगडाला रेंज नसते त्यामुळे फोनचं जीपीएस तिथे बिनकामाचं, आणि हातातलं गार्मिन (ट्रेकर वापरतात ते वेगळं जीपीएस यंत्र) चालतं कारण ते थेट सॅटेलाइटला सिग्नल पाठवतं. साफ चूक! जागा शोधायला दोघंही काहीच पाठवत नाहीत. साधारण २०,२०० किमी उंचीवरून उपग्रह सतत वेळ आणि स्वतःचं ठिकाण सांगत असतात, आपलं यंत्र नुसतं ऐकतं आणि निदान चार उपग्रहांच्या सिग्नलवरून हिशोब मांडतं. रेडिओ ऐकायला रिचार्ज लागतो का?

मग घोळ कुठे होतो, तर नकाशात. आपली जागा दाखवणारा ठिपका बरोबर असतो पण मागे नकाशाच लोड होत नाही, नुसते राखाडी चौकोन, आणि लोक म्हणतात जीपीएस गेलं. म्हणून नकाशा आणि ट्रॅक (वाटेची नोंदवलेली रेघ) घरूनच डाउनलोड करा, प्लीज. नेट नसताना पहिल्यांदा जागा सापडायला थोडा वेळ लागतो, मोकळ्यावर उभं राहा. फ्लाइट मोड टाकला तरी बहुतेक फोनमध्ये जीपीएस चालू राहतं, उलट टॉवर शोधण्यात जाणारी बॅटरी वाचते.

गार्मिनचा खरा फायदा वेगळाय, ओल्या हातांनी बटणं दाबता येतात आणि बऱ्याच मॉडेलमध्ये साधे पेन्सिल सेल बदलता येतात. पण हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेसारख्या घळीत, जिथे दोन्हीकडे कडे आणि वर आभाळाची पट्टी, तिथे सिग्नल दगडावर आपटून येतो आणि ठिपका भलतीकडे उड्या मारतो, गार्मिनचासुद्धा.