सापेक्ष ऊर्जान्यूनता (नर्तक व खेळाडूंमधील)

आहारातून मिळालेल्या ऊर्जेतून सराव-व्यायामाचा खर्च वजा केल्यावर शरीराच्या उरलेल्या कामांना पुरेशी ऊर्जा शिल्लक न राहिल्याने नर्तक आणि खेळाडूंमध्ये निर्माण होणारी अवस्था. क्रीडावैद्यकात ती ‘रेड्स’ (रिलेटिव्ह एनर्जी डेफिशियन्सी इन स्पोर्ट) या आद्याक्षरी नावाने ओळखली जाते. पाळी अनियमित होणे किंवा थांबणे, हाडांची घनता घटणे, स्ट्रेस फ्रॅक्चर (पुनःपुन्हा पडणाऱ्या भाराने हाडाला जाणारी बारीक चीर), वारंवार आजारपण, चिडचिड, खिन्नता आणि कामगिरीतील घसरण ही तिची प्रमुख लक्षणे. बॅले, जिम्नॅस्टिक्स, लांब पल्ल्याची धाव, सायकलिंग आणि वजनगटांचे खेळ यांत ती अधिक आढळते. वजन स्थिर असले म्हणजे न्यूनता नाही, असे मानता येत नाही. तुटवडा लांबला की शरीर विश्रांतीतील ऊर्जाखर्चच कमी करते आणि काटा हलत नाही.

संकल्पनेचा विकास : कठोर सराव करणाऱ्या मुलींची पाळी उशिरा येते किंवा बंद पडते, हे निरीक्षण जुने आहे. त्याचा पद्धतशीर अभ्यास साधारणपणे १९७०च्या दशकापासून झालेला दिसतो. रोझ फ्रिश यांनी १९७४ मध्ये ऋतुप्राप्तीसाठी शरीरात सुमारे १७ टक्के आणि पाळी नियमित राहण्यासाठी सुमारे २२ टक्के मेद लागतो, असे मांडले. १९८० मध्ये बॅले नर्तकींच्या पाहणीतही त्यांनी हाच धागा पुढे नेला. हा सिद्धांत फार लोकप्रिय झाला. प्रशिक्षकांच्या बोलण्यात तो आजही आढळतो. मात्र १९८० मध्येच मिशेल वॉरन यांनी तरुण बॅले नर्तकींवर प्रसिद्ध केलेले निरीक्षण त्याच्याशी जुळत नव्हते. दुखापतीमुळे सराव थांबलेल्या काही नर्तकींची पाळी वजनात फारसा फरक न पडताही सुरू झाली होती. मेदाचे प्रमाण हेच कारण असते, तर असे घडायला नको होते.

हाडांचा संबंध १९८४ मध्ये बार्बरा ड्रिंकवॉटर व सहकाऱ्यांनी दाखवला. पाळी थांबलेल्या १४ आणि पाळी नियमित असलेल्या १४ खेळाडूंच्या कमरेच्या मणक्यांची घनता अनुक्रमे १.१२ व १.३० ग्रॅम प्रति चौ.सेंमी. भरली. पहिल्या गटाचे सरासरी वय पंचविशीच्या आसपास होते, पण मणके पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रीसारखे होते. व्यायामाने हाडे बळकट होतात या समजाला त्यामुळे मोठी अट जोडली गेली. १९८६ मध्ये वॉरन व सहकाऱ्यांनी ७५ व्यावसायिक बॅले नर्तकी तपासल्या. त्यांतील २४ टक्क्यांचा पाठीचा कणा बाजूला वाकलेला होता आणि ६१ टक्क्यांना अस्थिभंग झालेला होता. त्यांतले बहुसंख्य स्ट्रेस फ्रॅक्चर होते. ऋतुप्राप्ती जितकी उशिरा, तितके कण्याच्या वक्रतेचे प्रमाण अधिक दिसले.

१९९२ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्‌स मेडिसिनच्या पुढाकाराने अयोग्य आहारवर्तन, पाळी बंद होणे आणि अस्थिसुषिरता (हाडे विरळ व ठिसूळ होणे) या तीन बाबी ‘स्त्री-खेळाडू त्रयी’ या नावाखाली एकत्र आणण्यात आल्या. २००७ मध्ये त्यांची व्याख्या सैल करून प्रत्येक बाब निरोगी ते गंभीर अशा पट्ट्यावर ठेवली गेली. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये ‘रेड्स’ ही व्यापक संकल्पना पुढे आणली, तिच्यात पुरुषांनाही सामावून घेतले आणि २०१८ व २०२३ मध्ये ती सुधारली.

ऊर्जा-उपलब्धता : संकल्पनेचा कणा एका साध्या सूत्रात आहे. दिवसाच्या आहारातील ऊर्जेतून व्यायामात खर्चलेली ऊर्जा वजा करायची आणि बाकीला शरीराच्या मेदविरहित वस्तुमानाने भागायचे. ५० किग्रॅ. वजनाच्या आणि २० टक्के मेद असलेल्या नर्तकीचे मेदविरहित वस्तुमान ४० किग्रॅ. असते. ती दिवसाला १,८०० किलोकॅलरी खात असेल आणि सरावात ७०० खर्चत असेल, तर तिची ऊर्जा-उपलब्धता प्रतिकिलोग्रॅम २७.५ किलोकॅलरी येते. निरोगी तरुण स्त्रीसाठी सुमारे ४५ हा आकडा पुरेसा धरतात. तिथे पोचण्यासाठी तिला त्याच सरावावर २,५०० किलोकॅलरी खाव्या लागतील, म्हणजे रोज ७०० अधिक.

ज्याच्या खाली बिघाड सुरू होतो असा उंबरठा म्हणून ३० हा आकडा प्रसिद्ध झाला तो अ‍ॅन लाउक्स यांच्या प्रयोगांमुळे. १९९८ मध्ये त्यांनी व्यायामाचा शीण आणि ऊर्जेचा तुटवडा हे दोन घटक वेगळे करून तपासले. व्यायाम तेवढाच ठेवून आहार वाढवला की पोष ग्रंथीतून स्पंदनांच्या रूपाने सुटणाऱ्या आणि पाळीचे चक्र चालवणाऱ्या एलएच या हॉर्मोनची लय टिकत होती. व्यायामाविना केवळ आहार तोडला तरी ती बिघडत होती. म्हणजे दोष शीणाचा नसून तुटवड्याचा होता. २००३ च्या प्रयोगात नियमित पाळी असलेल्या, व्यायामाची सवय नसलेल्या २९ तरुण स्त्रियांना पाच दिवस ४५ आणि पाच दिवस ३०, २० किंवा १० इतकी ऊर्जा-उपलब्धता ठेवण्यात आली. ३० वर लय शाबूत राहिली. २० वर स्पंदने सुमारे १६ टक्क्यांनी आणि १० वर ३९ टक्क्यांनी घटली.

या आकड्याकडे मात्र जपून पाहावे लागते. प्रयोग पाच दिवसांचा होता आणि सहभागी स्त्रिया खेळाडू नव्हत्या. त्याच प्रयोगमालेत हाडबांधणी दर्शवणारा प्रोकोलॅजेनचा अंश ३० वरच घसरलेला आढळला. हाडांना पाळीपेक्षा आधी झळ लागते असा त्याचा अर्थ होऊ शकतो. लाउक्स यांनीच २००६ मध्ये दाखवले की, ऋतुप्राप्तीला ५ ते ८ वर्षे झालेल्या स्त्रियांत एलएचच्या लयीवर दिसणारा परिणाम १४ ते १८ वर्षे झालेल्यांत दिसत नाही. किशोरवयीन नर्तकींबाबत सर्वाधिक काळजी घ्यायची ती याच कारणाने. पुढे तीन पाळीचक्रे चाललेल्या एका अभ्यासाच्या २०१८ मधील विश्लेषणात ठरावीक उंबरठा सापडला नाही; ३० च्या खाली बिघाडाची शक्यता निम्म्याहून अधिक होते आणि त्याच्या वरही ती शून्य होत नाही, असे दिसले. चढत्या जोखमीचे हे मत उपलब्ध पुराव्याशी अधिक सुसंगत वाटते.

प्रत्यक्ष मोजमापात तर अडचणी बऱ्याच आहेत. तीन ते सात दिवसांच्या आहारनोंदीत लोक खाल्लेले कमी लिहितात, आणि नोंद ठेवायची म्हणून खातातही कमी. मनगटी घड्याळे नृत्याचा ऊर्जाखर्च नीट पकडत नाहीत, कारण तोल सांभाळत स्थिर उभे राहण्यात हालचाल कमी आणि स्नायूंचे काम जास्त असते. शिवाय सरावाच्या वेळेत नुसते बसून राहिले असते तरी खर्च झालीच असती ती ऊर्जा वगळायची की नाही, यावर संशोधकांत एकवाक्यता नाही. वरच्या उदाहरणात दोन तासांची सुमारे १०० किलोकॅलरी वगळली, तर व्यायामखर्च ६०० होतो आणि उत्तर २७.५ ऐवजी बरोबर ३० येते. त्यामुळे एकट्या आकड्यावर निदान करू नये.

मानसिक अंग : १९८० मध्ये टोरोंटोतील गार्नर व गारफिंकेल यांना १८३ नृत्यविद्यार्थिनींपैकी सुमारे ६.५ टक्क्यांना ॲनोरेक्सिया नर्व्होसा (वजन वाढण्याच्या भीतीने अन्न टाळण्याचा विकार) आढळला. २०१४ मध्ये अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात आहारविकारांचे प्रमाण सर्व नर्तकांत १२ टक्के आणि बॅले नर्तकांत १६.४ टक्के निघाले. नॉर्वेतील अव्वल खेळाडूंच्या २००४ मधील पाहणीत हे प्रमाण स्त्रियांत २० आणि पुरुषांत ८ टक्के होते. खेळाडू नसलेल्यांत ते अनुक्रमे ९ आणि ०.५ टक्के होते. परिपूर्णतेचा हट्ट, आरशासमोरचा सराव, सर्वांसमोर होणारी वजनमापणी ही जोखीम वाढवणारी कारणे मानली जातात. कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे ठरवणे कठीण आहे. १९४४-४५ मधील मिनेसोटा उपासमार प्रयोगात ३६ निरोगी पुरुष अर्धपोटी राहिल्यावर खिन्न झाले आणि त्यांच्या मनात सतत अन्नाचेच विचार घोळू लागले. म्हणजे भूकही मन बदलते. प्रत्येक ऊर्जान्यूनतेमागे आहारविकार असतोच असे नाही. जड सरावानंतर मंदावलेली भूक, तालमींमुळे हुकलेले जेवण किंवा अपुरे पैसेही तिथवर नेतात.

निदान : वयाच्या १५ व्या वर्षापर्यंत ऋतुप्राप्ती न होणे, सुरू असलेली पाळी तीन महिने न येणे किंवा चक्र ३५ दिवसांहून लांबणे, यांपैकी काहीही तपासणीस पुरेसे कारण आहे. गर्भधारणा, अवटू ग्रंथीचे विकार, प्रोलॅक्टिन या हॉर्मोनची वाढ आणि पीसीओएस हा बीजांडकोशांशी संबंधित विकार आधी वगळावे लागतात. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांना दरमहा होणारा रक्तस्राव गोळ्यांमुळे होतो. त्यावरून पाळी ठीक आहे असे समजणे ही नेहमी होणारी चूक आहे. २०१४ मध्ये तयार झालेल्या लीफ-क्यू या २५ प्रश्नांच्या प्रश्नावलीत ८ किंवा अधिक गुण जोखीम दर्शवतात. डेक्सा या हाडांची घनता मोजणाऱ्या क्ष-किरण चाचणीत शरीराचा भार पेलणाऱ्या खेळांतील व्यक्तीचा झेड-गुण (समवयस्कांच्या सरासरीशी केलेली तुलना) उणे १ च्या खाली गेला तरी दखल घेतात, कारण तिची हाडे सरासरीपेक्षा घट्ट असणे अपेक्षित असते. मांडीच्या हाडाची मान, त्रिकास्थी व श्रोणी येथील स्ट्रेस फ्रॅक्चर विशेष संशयास्पद असते. पुरुषांत टेस्टोस्टेरॉनची घट आणि कामेच्छा मंदावणे या खुणा पाहतात. त्यांच्यासाठीचे आकडे अजून पक्के नाहीत.

उपचार : मुख्य उपचार आहार वाढवणे हाच. रोज ३०० ते ६०० किलोकॅलरी वाढ सुचवली जाते. तूप लावलेली एक पोळी, पेलाभर म्हशीचे दूध आणि एक शेंगदाण्याचा लाडू यांतून ढोबळमानाने ४०० मिळतात. वाढ सरावाच्या आधी व लगेच नंतर विभागून द्यावी, कारण दिवसाची बेरीज जुळली तरी मधले लांब उपाशी तासही घातक ठरत असावेत. गरजेनुसार सराव कमी केला जातो. ऊर्जास्थिती काही दिवस ते आठवड्यांत सुधारते, पाळीला महिने लागतात, हाडांना वर्षे लागतात आणि गेलेली घनता पूर्ण भरून येईलच असे नाही. पाळी आणण्यासाठी गर्भनिरोधक गोळ्या देण्याने हाडांचे रक्षण होत नाही. आहाराने गुण न आल्यास त्वचेवरील पट्टीतून इस्ट्रोजेन देण्याचा पर्याय उरतो. २०१९ मधील एका चाचणीत तो गोळ्यांपेक्षा सरस ठरला. आहारविकार असल्यास मानसोपचारतज्ज्ञ व आहारतज्ज्ञ सुरुवातीपासून हवेत.

मतभेद : त्रयीचे मूळ अभ्यासक २०१४ पासून ‘रेड्स’वर आक्षेप घेत आले आहेत. तिचे परिणाम दाखवणाऱ्या चक्राकृती आकृतीतील अनेक परिणामांना थेट पुरावा नाही, असे त्यांचे म्हणणे. २०२४ मध्ये काही संशोधकांनी हा लक्षणसमूह स्वतंत्र मानावा का, असाच प्रश्न केला. अतिसराव, अपुरी झोप व मानसिक ताण यांतूनही तीच लक्षणे उद्भवतात, हा त्यांचा मुद्दा. पाळी आणि हाडे यांबाबतचा पुरावा भक्कम आहे. रोगप्रतिकारशक्ती, पचन आणि कामगिरी यांबाबत तो अजून विरळ आहे.

भारतीय शास्त्रीय नृत्य : भरतनाट्यम् व कथक नर्तकांवरील अभ्यास मुख्यतः गुडघे, कंबर, घोटे व तळपाय यांच्या दुखण्यांविषयी आहेत. अनवाणी पदाघात आणि अरैमंडी या अर्ध्या बैठकीतील वाकलेले गुडघे यांमुळे भार बॅलेहून वेगळ्या ठिकाणी पडतो, आणि रंगमंचावर कृश देहाचा आग्रहही बॅलेइतका नसतो. म्हणून बॅलेचे आकडे येथे जसेच्या तसे लावू नयेत. डेक्सा अहवाल वाचताना यंत्रात कोणत्या लोकसमूहाची प्रमाणे घातली आहेत, हेही पाहावे.