झोन क्रमांक शून्य

फोर्टमधलं जुनं सीए ऑफिस असो, की लालबागच्या एखाद्या सोसायटीची कचेरी, कोपऱ्यात विंडोज एक्सपीचं एखादं मशीन अजून सापडतं. जुन्या हिशेबांचा कुठलातरी प्रोग्रॅम फक्त त्याच्यावरच चालतो, म्हणून ते टिकून आहे. अशा ठिकाणी एक गंमत हमखास बघायला मिळते. शेअर केलेल्या फोल्डरमधली तीच फाइल एका टेबलावरून मुकाट उघडते आणि दुसऱ्या टेबलावरून उघडली की विंडोज दरवेळी विचारतं, ‘प्रकाशकाची खात्री पटत नाही, ही फाइल खरंच चालवायची?’ फाइल तीच, केबल तीच. व्हायरस असेल म्हणून अँटीव्हायरस चालवला जातो आणि त्यात काही सापडत नाही. सापडणारही नसतं. एकाने शॉर्टकट सर्व्हरच्या नावाने केलेला असतो, दुसऱ्याने १९२.१६८.१.५ अशा आकडी पत्त्याने. फरक पडतो तो त्यातल्या टिंबांमुळे.

हे कसं, ते समजण्यासाठी इंटरनेट एक्सप्लोरर या ब्राउझरच्या चौथ्या आवृत्तीपर्यंत, म्हणजे १९९७पर्यंत मागे जावं लागतं. मायक्रोसॉफ्टने त्या आवृत्तीत जगाचे पाच झोन पाडले. इंटरनेट, लोकल इंट्रानेट, ट्रस्टेड साइट्स आणि रिस्ट्रिक्टेड साइट्स हे चार सेटिंगच्या खिडकीत दिसतात. स्क्रिप्ट (पानातला छोटा प्रोग्रॅम) चालू द्यायची का, अ‍ॅक्टिव्हएक्स (पानातून थेट मशीनवर चालणारा प्रोग्रॅम) चालवायचं का, डाउनलोड करू द्यायचं का, याची उत्तरं प्रत्येक झोनसाठी वेगळी. पान किंवा फाइल समोर आली, की ती कुठल्या झोनमधली हे आधी ठरतं आणि मग त्या झोनचे नियम तिला लागू होतात. ‘आम्ही तो ब्राउझर वापरतच नाही’ असं म्हणून यातून सुटता येत नाही. ही व्यवस्था विंडोजच्याच पोटात बसवलेली आहे. कंट्रोल पॅनलमधलं ‘इंटरनेट ऑप्शन्स’ नुसत्या ब्राउझरचं नाही. फोल्डरमधली फाइल उघडतानाही विंडोज त्यालाच विचारतं.

लोकल इंट्रानेट म्हणजे ऑफिसचं आतलं नेटवर्क. पण एखादा पत्ता आतला की बाहेरचा, हे मशीनने ओळखायचं कसं? त्यासाठीचा एक नियम फारच साधा होता: नावात टिंब नसेल तर आतला, असेल तर बाहेरचा. सर्व्हरचं नाव नुसतं ‘हिशेब’ असेल तर तो घरचा. १९२.१६८.१.५ मध्ये तीन टिंबं आहेत, म्हणून तो इंटरनेटवरचा. प्रत्यक्षात तो हाताच्या अंतरावर, त्याच टेबलाखाली धूळ खात असला तरी!

या भाबड्या नियमाला १९९८मध्येच ठेच लागली. असा आकडी पत्ता, म्हणजे आयपी पत्ता, खरं तर एकच मोठी संख्या असते. वाचायला सोपं जावं म्हणून तिचे चार तुकडे करून मध्ये टिंबं देतात. १२७.०.०.१ हा पत्ता २१३०७०६४३३ असा सलगही लिहिता येतो. मग कुणीतरी लिंकमध्ये बाहेरच्या साइटचा पत्ता असा सलग लिहिला. ब्राउझरने पाहिलं, टिंब नाही. म्हणजे आपलाच माणूस. इंटरनेटवरच्या पानाला इंट्रानेटची मोकळीक मिळाली. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती काढली, पण २००१मध्ये याच जातीची चूक पुन्हा निघाली.

पाचवा झोन खिडकीत दिसत नाही. विंडोज आपली सेटिंग्ज जिथे साठवतं त्या रजिस्ट्रीत त्याचा क्रमांक शून्य आणि नाव ‘माय कॉम्प्युटर’. आपल्या हार्ड डिस्कवरच्या फाइली याच्यात येतात. याचे नियम सगळ्यांत सैल होते आणि तो नुसता निष्काळजीपणा नव्हता. विंडोज ९८मध्ये फोल्डर उघडल्यावर डावीकडे निळसर पट्टा यायचा, फाइलवर क्लिक केलं की तिची माहिती दिसायची. तो फोल्डर म्हणजे एक वेबपेजच होतं. ‘फोल्डर डॉट एचटीटी’ नावाच्या साच्यातून ते तयार व्हायचं आणि आत स्क्रिप्ट व अ‍ॅक्टिव्हएक्स चालायचे. हार्ड डिस्कवरच्या पानांना हात बांधून ठेवले असते तर खुद्द विंडोजचे फोल्डर नीट दिसले नसते.

ज्याने ही मोकळीक दिली, त्याने एक गोष्ट गृहीत धरली होती: माझ्या डिस्कवर आहे म्हणजे ते मीच आणलेलं असणार. २००२च्या सुमाराला पसरलेल्या रेडलॉफ या व्हायरसने तो साचाच बाधित केला. त्यानंतर लागण व्हायला काही चालवावंच लागत नसे, फोल्डर नुसता उघडून पाहिला तरी पुरे.

पण हल्लेखोरांना अशा खास व्हायरसचीही गरज नव्हती. ब्राउझर पाहिलेली प्रत्येक गोष्ट स्वतःच डिस्कवर साठवून ठेवतो, तो त्याचा कॅश. सोसायटीच्या गेटवर अनोळखी माणसाला वॉचमन वहीत नाव लिहायला लावतो. पण तोच माणूस एकदा जिन्यात पोहोचला, की सगळे त्याला कुणाचा तरी पाहुणा समजतात. तसंच हे. आधी वाईट पान कॅशमध्ये उतरवायचं आणि मग ते डिस्कवरच्या पत्त्याने उघडायला लावायचं. झोन शून्य, सगळे दरवाजे उघडे. तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरात ‘कंटेंट डॉट आयई५’च्या आत आठ अक्षरांच्या अगम्य नावांचे उपफोल्डर कधी पाहिले असतील, तर त्यांचं कारण हेच. नेमका पत्ता हल्लेखोराला आधी कळू नये म्हणून नावं मुद्दाम वेडीवाकडी ठेवलेली असत.

ती युक्ती पुरी पडली नाही. जून २००४मध्ये ‘डाउनलोड डॉट जेक्ट’ नावाचा हल्ला झाला. त्यात चांगल्या, नेहमीच्या साइट्सचे सर्व्हर बाधित झाले होते. तिथे नुसतं गेलं तरी झोनची भिंत ओलांडून प्रोग्रॅम मशीनवर येत असे. ऑगस्ट २००४मध्ये एक्सपीचा दुसरा सर्व्हिस पॅक, म्हणजे दुरुस्त्यांचा मोठा गठ्ठा, आला आणि त्याने शून्य झोनच्या मुसक्या बांधल्या. ब्राउझरमध्ये डिस्कवरचं पान उघडलं, की वर पिवळी पट्टी: या फाइलमधला सक्रिय मजकूर अडवला आहे.

त्याचा फटका बसला तो सीडीवाल्यांना. मुलांच्या अभ्यासाच्या सीडी, कंपन्यांचे कॅटलॉग, सॉफ्टवेअरची मदतपानं हे सगळं एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपेजच्या भाषेत, असायचं. सीडी घातली, की मेनू उघडायच्या आधी पट्टी. मग दुकानदार सांगायचा, अ‍ॅडव्हान्स्ड टॅबमध्ये जा आणि दोन टिचक्या मारा: एक सीडीसाठी, एक माय कॉम्प्युटरसाठी. पहिली ठीक आहे. दुसरी मारली, की सर्व्हिस पॅकने लावलेली कडी एका क्लिकमध्ये निघाली.

यावरचा खरा उपाय मात्र मला आजही चमत्कारिक वाटतो. पान बनवणाऱ्याने पानाच्या सुरुवातीला, पडद्यावर न दिसणारी, एक टिप्पणीची ओळ लिहायची: हे पान अमुक पत्त्यावरून सेव्ह केलं. पत्त्याआधी कंसात चार आकड्यांत त्याची लांबी. ‘अबाउट:इंटरनेट’ असा नाममात्र पत्ता दिला, तर त्याची इंग्रजी अक्षरं, मधला कोलन धरून, ००१४. ही ओळ असली, की ब्राउझर त्या पानाला इंटरनेट झोनमध्ये टाकतो आणि मग आतली स्क्रिप्ट चालते. कारण इंटरनेट झोनला साधी स्क्रिप्ट चालवायची परवानगी होती, कुलूपबंद शून्य झोनला नव्हती. सात वर्षांत उलटा न्याय झाला. घरच्या पानाला काम करायचं असेल, तर त्याने ‘मी बाहेरचा’ असं लिहून द्यायचं!

हीच कल्पना फाइलींनाही लावली गेली. डाउनलोड केलेल्या फाइलीला एनटीएफएस (विंडोजच्या नेहमीच्या) पद्धतीच्या डिस्कवर एक अदृश्य शेपूट चिकटतं. त्याचं नाव झोन आयडेंटिफायर, आणि त्यात इंटरनेटचा क्रमांक ३ लिहिलेला असतो. क्रोमही तो लिहितो. मदतीची सीएचएम फाइल उघडली आणि उजवी बाजू कोरी दिसली, तर बहुतेक वेळा फाइल बिघडलेली नसते, या शेपटाने अडवलेली असते. स्रोत भरवशाचा असेल तर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये ‘अनब्लॉक’ दाबलं, की पान दिसतं. फॅट३२ पद्धतीच्या पेनड्राइव्हला हे शेपूट ठेवायला जागाच नाही. त्यामुळे लॅमिंग्टन रोडवरच्या कॉम्प्युटर बाजारातून पेनड्राइव्हमध्ये भरून आणलेली फाइल डाउनलोड केलेली असली तरी ऑफिसच्या मशीनला ती घरचीच वाटते. २०२२मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या वर्ड-एक्सेलसारख्या ऑफिस फाइलींचे मॅक्रो, म्हणजे फाइलीतच असलेले छोटे प्रोग्रॅम, अडवायला घेतले, तेव्हा हल्लेखोरांनी फाइली आयएसओ डिस्क-प्रतिमेत (अख्खी डिस्क एका फाइलीत) गुंडाळून पाठवायला सुरुवात केली, कारण आतल्या फाइलींपर्यंत ते शेपूट पोहोचत नव्हतं. त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये ती फट बुजवली.

आताचे ब्राउझर झोनच्या भानगडीत न पडता डिस्कवरच्या फाइलींकडे सरळ संशयाने बघतात. क्रोममध्ये डिस्कवरून उघडलेलं पान शेजारची फाइल वाचू शकत नाही. फायरफॉक्समध्ये त्याच फोल्डरातल्या फाइली वाचता येत असत. जुलै २०१९च्या ६८व्या आवृत्तीत तेही बंद झालं. डाउनलोड्सच्या फोल्डरात आपण काय काय टाकून ठेवतो ते आठवलं, तर ते का केलं हे कळेल.

तर त्या हिशेबाच्या फोल्डरचं काय? लोक सरळ इंटरनेट झोनची पातळी खाली आणतात. एका फाइलीसाठी अख्ख्या जगाला मोकळीक! त्याऐवजी इंटरनेट ऑप्शन्समध्ये सिक्युरिटी, लोकल इंट्रानेट, साइट्स, अ‍ॅडव्हान्स्ड असं जाऊन तेवढा एकच आकडी पत्ता यादीत घालावा, किंवा शॉर्टकट सर्व्हरच्या नावाने करावा. तिथे गेलातच तर ट्रस्टेड साइट्सची यादीही पाहून घ्या. ई-टेंडरसाठी किंवा डिजिटल सहीसाठी कुणीतरी कधीतरी त्यात साइट्स घातलेल्या असतात आणि त्यांच्यासाठी अ‍ॅक्टिव्हएक्सचे सगळे पर्याय सुरू करून ठेवलेले असतात. काम संपल्यावर ते बंद करायला कुणी येत नाही. काय बदललंय तेच कळत नसेल तर ‘रीसेट ऑल झोन्स’ हे बटण आहे. आणि नव्या मशीनवर हा प्रश्न नाही असं समजू नका: इंटरनेट एक्सप्लोररचा आधार १५ जून २०२२ रोजी संपला, पण एज या मायक्रोसॉफ्टच्या नव्या ब्राउझरमध्ये त्याचा मोड ठेवलेला आहे आणि तिथे हेच झोन, हेच क्रमांक चालतात.