पिच कंट्रोल: ओंडके पडू द्यायचे की एन्झाइम टाकायचं?

पिच म्हणजे लाकडातली चिकट राळ आणि फॅट, कागदगिरणीत ते मशिनला चिकटतं आणि ते आवरणं म्हणजे पिच कंट्रोल. त्याबद्दल बोलताना लोक थेट एन्झाइमवरच येतात, पण त्याआधी कित्येक वर्षं गिरण्यांचा मुख्य उपाय म्हणजे थांबणं. पाइनचे ओंडके आणायचे आणि काही महिने यार्डात उघड्यावर पडू द्यायचे. तेवढ्यात लाकडातली ट्रायग्लिसराइड्स (म्हणजे फॅट) आपोआप फुटतात, थोडंफार ऑक्सिडेशन होतं आणि ग्राउंडवूडचा (दगडावर लाकूड घासून केलेला) लगदा मशिनवर कमी छळतो. छळतो म्हणजे काय, तर प्रेस सेक्शनमधल्या दगडी सेंटर रोलवर चिकट थर चढतो, डॉक्टर ब्लेडने खरवडला तरी परत येतो, ओला कागद रोलवरून सुटत नाही आणि टर्रकन फाटतो, मग मशिन बंद करून रॉकेलने पुसापुशी.

क्राफ्टवाल्यांचं, म्हणजे केमिकलमध्ये लाकूड शिजवून लगदा करणाऱ्यांचं, बरं होतं, अल्कलीत शिजवताना पाइनमधल्या राळेचा साबण होतो आणि तो काढून टॉल ऑइल म्हणून विकताही येतो. न्यूजप्रिंटच्या मेकॅनिकल (लाकूड नुसतं घासून-दळून केलेल्या) लगद्यात तसं काही होत नाही, सगळी राळ पाण्याबरोबर मशिनपर्यंत येते. तिथे टाल्क (मऊ दगडाची पूड) टाकायचे, अजूनही टाकतात. टाल्कने पिच नाहीसं होत नाही, ते टाल्कच्या कणांना धरतं, चिकटपणा मरतो आणि कागदाबरोबर निघून जातं. गणित बिघडलं की टाल्क आणि पिचचे मिळून गोळे!

आता जपान. १९८० च्या दशकात तिथल्या एका मोठ्या कागद कंपनीत रेड पाइनच्या ग्राउंडवूडवर काम चाललं होतं आणि रोलवरच्या थरात ट्रायग्लिसराइड्सचा मोठा हात आहे हे पुढे आलं. मग लायपेझ (फॅट फोडणारं एन्झाइम) टाकून तीच फोडायची कल्पना निघाली आणि १९९० च्या सुमारास चालू गिरणीत वापरही सुरू झाला. म्हणजे यार्डात जे महिन्यांत व्हायचं ते टाकीत काही तासांत.

वाद इथूनच आहे आणि माझ्या मते नेहमी चुकीच्या टोकाने घातला जातो. एन्झाइम विकणारे सांगायचे रोल स्वच्छ राहतो, टाल्क कमी लागतो, आणि ते खोटं नव्हतं. पण खरा फायदा यार्डात होता. ओंडके पडून राहिले की लाकूड काळवंडतं, थोडं कुजतं, लगदा कमी पांढरा येतो म्हणून ब्लीचिंगचं केमिकल जास्त लागतं, वर महिनोन्‌महिने पैसा लाकडात अडकलेला. ताजं लाकूड वापरता आलं की हे सगळंच वाचतं. विरोध करणाऱ्यांचं म्हणणं असं की लायपेझने फॅट जात नाही, त्याचं फॅटी अ‍ॅसिड होतं, आणि पाणी जड असेल तर कॅल्शियमबरोबर त्याचा साबण होऊन नवीनच चिकटा. हा मुद्दा रास्त आहे, म्हणून तर ती अ‍ॅसिड्स अ‍ॅलमने किंवा कॅटायनिक (धन भार असलेल्या) पॉलिमरने धाग्यांवर बसवून कागदाबरोबर बाहेर काढावी लागतात. नुसता एन्झाइमचा ड्रम ओतून काम होत नाही.

त्याच सुमारास अमेरिकेत वेगळीच वाट निघाली, लाकडाच्या चिप्सच्या (तुकड्यांच्या) ढिगावर बुरशी फवारायची. साधी ब्लू स्टेन बुरशी लाकूड निळं करते, म्हणून तिची बिनरंगी जात शोधली. तिथेही ढीग काही दिवस ठेवावा लागतोच, म्हणजे यार्ड सुटलं नाही.

पुढे ब्लीचिंगमध्ये क्लोरीन सोडून पेरॉक्साइडकडे वळलेल्या गिरण्यांना नवाच त्रास झाला, विशेषतः नीलगिरीवाल्यांना. नीलगिरीच्या पिचमध्ये स्टेरॉल्स (मेणासारखे पदार्थ) बरीच, त्यांचा साबण होत नाही आणि पेरॉक्साइड त्यांना फारसं धक्का लावत नाही, क्लोरीन डायऑक्साइड निदान काही प्रमाणात मोडतं तरी. लायपेझही इथे कामाचं नाही, कारण त्याचा रोख ट्रायग्लिसराइड्सवर. टीएमपीमध्ये (वाफेने तापवून दळलेल्या लगद्यात) पाणी इतकं गरम की साधं लायपेझ टिकत नव्हतं, मग उष्णता सोसणारी आली आणि चीनमध्ये मॅसन पाइनच्या न्यूजप्रिंटसाठीही लायपेझ वापरलं गेलं. इतकं होऊनही कित्येक गिरण्यांत टाल्कच्या गोण्या उतरतातच.