‘ऊपर से ही महँगा आ रिया है’

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या किराणावाल्याचा महागाईवरचा सगळा सिद्धांत सात शब्दांत मावतो: ‘ऊपर से ही महँगा आ रिया है.’ सोयाबीन तेलाच्या पिशवीवर मागच्या वेळेपेक्षा आठ-दहा रुपये जास्त दिसले, की आमच्या काकू पिशवी हातात धरून त्याच्याकडे नुसत्या बघतात. तो बोट छताकडे करतो, वाक्य म्हणतो, काकू पैसे देतात. घरी आल्यावर काकांचा निकाल ठरलेला: सरकारनं मनावर घेतलं तर आठ दिवसांत भाव खाली येतील, पण मनावर घेतंय कोण! काकूंचं म्हणणं नेमकं उलटं. कुठलंही सरकार येऊ दे, तेल काही स्वस्त व्हायचं नाही.

ही दोन मतं जगात सगळीकडे सापडतात. बऱ्याच देशांत मिळून होणाऱ्या एका समाजविषयक पाहणीत १९८५ पासून दर काही वर्षांनी विचारलं जातं, की किमती आटोक्यात ठेवणं ही सरकारची जबाबदारी आहे का. बहुतेक ठिकाणी बहुसंख्य लोक ‘हो’ म्हणतात. ब्रिटनमधल्या पाहणीत विचारलेला प्रश्न आणखी खोचक आहे: सरकार कुठल्याही पक्षाचं असो, ते किमती खाली ठेवण्यासाठी बरंच काही करू शकतं की फारच थोडं? एक प्रश्न जबाबदारीचा, दुसरा ताकदीचा. काका पहिल्याचं उत्तर देतात, काकू दुसऱ्याचं, आणि आपण एकाच गोष्टीवर भांडतोय असं दोघांनाही वाटतं.

ताकदीचा अंदाज घ्यायचा तर त्या बोटाच्या दिशेनं थोडं वर चढून बघायला हवं. दुकानाच्या वर सियागंजचा घाऊक बाजार. सियागंजच्या वर तेलाचे कारखाने. इथवर सगळं गावातलंच आहे. सोयाबीनचा देशातला पत्ता विचारला तर तो इंदूरच निघेल. सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्था इथे, तेलप्रक्रिया उद्योगाची संघटना इथे, आणि शहराबाहेर पडलं की पावसाळ्यात दोन्ही बाजूंना तेच पीक. तरीही पिशवीवरचा आकडा इथे ठरत नाही. आपण देशात जेवढं खाद्यतेल खातो, त्यातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं, वर्षाला दीड कोटी टनांच्या वर. पाम तेल इंडोनेशिया-मलेशियाचं, सोयाबीन तेल अर्जेंटिना-ब्राझीलचं, सूर्यफूल तेल रशिया-युक्रेनचं. फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध सुरू झालं आणि सूर्यफूल तेलाची जहाजं अडकली. २८ एप्रिलला इंडोनेशियानं स्वतःच्या लोकांना तेल पुरावं म्हणून पाम तेलाची निर्यातच बंद केली. ती जेमतेम साडेतीन आठवडे टिकली. एक तेल तुटलं की लोक दुसऱ्याकडे वळतात आणि सगळीच चढतात. रामबागेतल्या कढईचा भाव त्या महिन्यात जकार्तात ठरत होता. इथवर काकूंचं म्हणणं खरं.

पण बंदरावर एक माणूस बसलेला असतो, तो दिल्लीचा. १४ सप्टेंबर २०२४ पासून केंद्र सरकारनं कच्च्या सोयाबीन, पाम आणि सूर्यफूल तेलावरचं एकूण आयातशुल्क ५.५ टक्क्यांवरून २७.५ टक्के केलं. तेल लगेच चढलं. काका खूश: बघा, मनात आलं की होतं! मात्र हे भाव चढवण्यासाठी मनात आलं होतं. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, मंडीत त्याहून कमी मिळत होता, आणि मालव्यातले शेतकरी ६,००० मागत ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर उतरले होते. बाहेरचं तेल महाग केलं, तर इथल्या दाण्याला भाव येईल, असा तो हिशेब. पुढे ३१ मे २०२५ पासून तेच शुल्क १६.५ टक्क्यांवर आणलं, तेव्हा कारण ग्राहकाचं होतं. काकूंची पिशवी आणि सांवेरच्या शेतकऱ्याचं पोतं एकाच दोरीच्या दोन टोकांना बांधलेलं आहे. सरकार दोरी ओढू शकतं, ते खरं. दोन्ही टोकं एकदम वर नेणं कुणालाच जमत नाही.

नाशिककडे नातेवाईक असलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात बंद झाली आणि ती ४ मे २०२४ पर्यंत बंद राहिली. इंदूरच्या चोइथराम मंडीत कांदा घेणाऱ्याला बरं वाटलं असेल. लासलगावच्या मामेभावाचा फोन मात्र वेगळ्या सुरात येत होता. अर्थतज्ज्ञ स्टेफनी स्टान्चेवा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत लोकांना महागाईविषयी सविस्तर विचारलं, तेव्हा नेमकी हीच गोष्ट गळलेली दिसली. बऱ्याच लोकांच्या मनात महागाई कमी करण्याची किंमत कुणाला तरी मोजावी लागते, हा विचारच येत नाही. त्यांना ती निव्वळ वाईट गोष्ट वाटते, जी चांगल्या सरकारनं काढून टाकावी.

आता शब्दाकडे येतो, कारण मला वाटतं अर्धा गोंधळ तिथे आहे. मराठीतली ‘महागाई’ ही एक अवस्था आहे. दुष्काळ असतो, आजारपण असतं, तशी महागाई असते. तिच्या उलट स्वस्ताई. अर्थशास्त्रात ज्याला भाववाढ किंवा चलनवाढ म्हणतात, तो मात्र वेग आहे: वर्षभरात किमती किती टक्क्यांनी चढल्या. समजा, तेलाचा भाव १०० रुपये होता. वर्षात १० टक्के वाढला, ११० झाला. पुढच्या वर्षी ४ टक्केच वाढला, ११४ रुपये ४० पैसे. दिल्लीत बातमी येते की महागाई दहावरून चार टक्क्यांवर आली, मोठंच यश. काकूंच्या हिशेबाच्या वहीत मात्र ११४.४० लिहिलेलं असतं आणि वहीला वेग कळत नाही. मोटार शंभरावरून चाळिशीच्या वेगावर आली, म्हणून ती मागे येत नसते. वर्तमानपत्रांनी ‘महागाई घटली’ असा मथळा दिला, की वाचणारा १०० रुपयांचं तेल शोधायला निघतो. सापडत नाही, आणि ‘सरकार खोटं बोलतं’ हे मत पक्कं होतं. खरं तर तो आकडाही खोटा नसतो आणि वाचणाराही नसतो.

ऑक्टोबर २०२५ मध्ये याचं अगदी टोकाचं उदाहरण मिळालं. किरकोळ महागाईचा दर ०.२५ टक्के झाला, २०१२ हे पायाभूत वर्ष असलेल्या मालिकेतला सगळ्यांत कमी. त्याच आकड्याच्या पोटात भाज्या वर्षापूर्वीपेक्षा पाव हिश्श्याहून जास्त उतरल्या होत्या, तेल दहा टक्क्यांहून अधिक चढलेलं होतं, आणि सराफ्यातल्या सोन्याविषयी न बोललेलं बरं. त्याच सुमारास रिझर्व्ह बँकेनं कुटुंबांना विचारलं तेव्हा लोकांच्या मते महागाई साडेसहा टक्क्यांच्या आसपास होती.

ही पाहणी मोठी मजेची आहे. २००५ पासून रिझर्व्ह बँक शहरांतल्या घरांत माणसं पाठवून विचारते: आत्ता महागाई किती वाटते, तीन महिन्यांनी किती असेल, वर्षानं किती? गृहिणी, नोकरदार, निवृत्त, रोजंदारीवरचे, सगळ्यांना. आपल्या राज्यातून त्यात भोपाळ आहे. (इंदूरला पोहे खायला सगळे येतात, मत विचारायला भोपाळला जातात.) लोकांचा आकडा जवळजवळ नेहमी सरकारी आकड्याच्या वर असतो, तोही चांगला तीन-चार टक्क्यांनी.

लोकांना हिशेब येत नाही, असा याचा अर्थ काढू नये. महागाई मोजायच्या सरकारी टोपलीत टीव्ही, फोन, प्रवास, औषधं असं सगळं मोजून मापून असतं. मनातल्या टोपलीत मात्र जे रोज विकत घेतो ते जड होतं. दूध, कोथिंबीर, तेल. फ्रिज दहा वर्षांतून एकदा घेतो. तो स्वस्त झालेला कुणाच्या ध्यानात राहतो? शिवाय चढलेला भाव टोचतो आणि उतरलेला तेवढा सुखवत नाही. टोमॅटो १५० झाला ते २०२३ साल सगळ्यांना आठवतं. तो पुन्हा २० वर कधी आला, विचारा बरं. २०२१ मध्ये अमेरिकेतलाच एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बायकांना पुरुषांपेक्षा महागाई जास्त वाटते, हे बरीच वर्षं माहीत होतं, कारण सापडत नव्हतं. घराघरांत विचारल्यावर दिसलं, की जिथे वाणसामान दोघंही आणतात तिथे हा फरक उरतच नाही. काकांना एक महिना सियागंजला पाठवावं, असं माझं कधीपासूनचं म्हणणं आहे.

काकांच्या मताला मात्र वेगळी मुळं आहेत. १९७४ साली ते नोकरीत नवे होते. १९७२ मध्ये पाऊस दगा देऊन गेला होता, मग अरब देशांनी खनिज तेल महाग केलं, आणि त्या सप्टेंबरात घाऊक महागाई तीस टक्क्यांच्या वर पोचली. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या मागे हजारो बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या, त्याच्या बातम्या इंदुरातही वाचल्या जात. केंद्र सरकारनं तेव्हा एक जालीम उपाय केला: सगळी पगारवाढ आणि वाढीव महागाई भत्त्यातला निम्मा भाग हातात न देता सक्तीनं ठेव म्हणून जमा करायचा. बाजारात पैसाच कमी सोडला. पुढच्या वर्षी पाऊसही चांगला झाला. १९७५-७६ मध्ये घाऊक भाव चक्क उतरले. श्रेय कडक धोरणाला किती आणि ढगांना किती, यावर वाद घालता येईल, पण काकांच्या मनात ‘सरकारनं ठरवलं तर होतं’ हे तिथेच कोरलं गेलं. आपण स्वतः भोगलेली महागाई पुढची कित्येक वर्षं आपले अंदाज घडवते, हे उल्रिके माल्मेंडियर आणि स्टेफान नागेल यांनी २०१६ मध्ये आकड्यांनी दाखवलं.

आता सरकारनं महागाई रोखायचं काम कायद्यानंच दुसऱ्याकडे दिलं आहे. २०१६ मध्ये रिझर्व्ह बँक कायद्यात बदल होऊन लक्ष्य ठरलं: ४ टक्के, दोन टक्के इकडेतिकडे चालेल. सहा जणांची समिती व्याजदर ठरवते. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या व्याजानं पैसे देते तो, ४ वरून ६.५ टक्क्यांवर नेला. कर्ज महागलं की लोक घर-गाडी पुढे ढकलतात, व्यापारी कमी माल भरतो, मागणी नरमते, भाव सावकाश थंडावतात. सावकाश म्हणजे वर्ष-दीड वर्ष. आणि व्याजदर वाढवून टोमॅटो पिकत नाही. २०१२ च्या टोपलीत अन्न-पेयांचा वाटा ४५.८६ टक्के होता, म्हणजे जवळपास निम्म्या टोपलीपुढे या हत्याराची धार बोथट. जुलै २०२३ मध्ये महागाईचा दर ७.४४ टक्क्यांवर गेला तो भाज्यांमुळे. तेव्हा सरकार नेपाळहून टोमॅटो आणवत होतं आणि गाड्यांवरून स्वस्तात विकत होतं.

सामान्य माणसाला तर हे हत्यार उलटंच दिसतं. हप्ता वाढला म्हणजे महागाई वाढली. अमेरिकेतल्या पाहण्यांतही तज्ज्ञ म्हणतात व्याज वाढलं की महागाई उतरेल, आणि अनेक सामान्य लोक म्हणतात चढेल. यात लोक अगदीच चुकत नाहीत. सियागंजचा व्यापारी उधारीच्या पैशावर माल भरतो, त्याचं व्याज तो भावात लावतोच.

लोकांचं मत मोजण्याचा एवढा खटाटोप बँक का करते, याचं उत्तरही इथेच आहे. सुदामानगरातला घरमालक अकरा महिन्यांनी भाडं दहा टक्के वाढवतो, कारण ‘सगळं महागतंयच’. घरकाम करणाऱ्या ताई त्याच कारणानं पगार वाढवून मागतात. छावणीच्या मंडीतला आडत्या भाव चढणार म्हणून माल धरून ठेवतो, आणि म्हणून भाव चढतो. पाऊस पडणार असं सगळ्यांना वाटल्यानं पाऊस पडत नाही. महागाई होणार असं सगळ्यांना वाटलं, तर थोडीफार होतेच. ‘हे लोक महागाई रोखतील’ असा भरवसा बसला, तर रोखायचं काम तेवढं हलकं होतं. म्हणजे काका-काकूंचा वाद नुसता वाद उरत नाही, तो त्या यंत्राचा एक सुटा भाग असतो.

यासाठीच कायद्यात एक तरतूद आहे. सलग तीन तिमाही महागाई दोन ते सहा टक्क्यांच्या ठरलेल्या पट्ट्याच्या बाहेर राहिली, तर रिझर्व्ह बँकेनं सरकारला लेखी कळवायचं: का जमलं नाही, आता काय करणार, किती दिवसांत पट्ट्यात आणणार. २०२२ मध्ये पहिल्यांदा ही वेळ आली. नोव्हेंबरच्या सुरुवातीला समितीची खास बैठक झाली, पत्र लिहिलं गेलं आणि दिल्लीला पोचलं. ते लोकांना दाखवलं गेलं नाही. मी काकूंना हे सांगितलं, तर त्यांनी तेलाची पिशवी कात्रीनं कापता कापता बोट छताकडे केलं.