षोडशमान रूपांतर आणि बाइटक्रम

दशमान संख्या षोडशमान पद्धतीत लिहिणे हे निव्वळ अंकगणित. त्या संख्येचे बाइट (आठ बिटांचे गट) स्मृतीत कोणत्या क्रमाने बसतात, हे मात्र प्रोसेसर, फाइल किंवा प्रोटोकॉल (यंत्रांमधील देवाणघेवाणीचे नियम) ठरवतो. या दोहोंची सरमिसळ झाली की उत्तर हमखास चुकते.

षोडशमान पद्धतीचा पाया १६. शून्य ते नऊ हे अंक नेहमीचेच, दहा ते पंधरासाठी ए ते एफ ही अक्षरे. संख्येला १६ने भागत जायचे, भागाकार शून्य झाला की बाक्या खालून वर वाचायच्या. उदाहरणार्थ ८०८०: भागाकार ५०५, बाकी ०, मग ३१, बाकी ९, मग १, बाकी १५ म्हणजे एफ, शेवटी ०, बाकी १. उत्तर १एफ९०. पडताळा: ४०९६ + ३८४० + १४४ + ० = ८०८०. ५०५ला १६ने भागल्यावर कॅल्क्युलेटर बाकी न देता ३१.५६२५ असे दाखवतो, तेव्हा .५६२५ला १६ने गुणावे, ९ मिळतात.

दोन षोडशमान अंकांचा एक बाइट. अंकांची संख्या विषम असेल तर आधी डावीकडे शून्य जोडावे, नाहीतर जोड्या चुकीच्या पडतात. १एफ९० चे बाइट १एफ आणि ९०. मोठ्या किमतीचा बाइट आधी ठेवला तर बिग-एंडियन: १एफ ९०. लहान आधी तर लिटल-एंडियन: ९० १एफ. इंटेलचे एक्स८६ प्रोसेसर दुसरी रीत वापरतात. उलटतात ते बाइट, बाइटमधले अंक नव्हेत. ०९ एफ१ ही नवशिक्यांची नेहमीची चूक. एका बाइटच्या संख्येला क्रमाचा प्रश्नच नाही.

बिग-एंडियन आणि लिटल-एंडियन ही नावे संगणकशास्त्रज्ञ डॅनी कोहेन यांनी १९८०च्या लेखात रूढ केली. अंडे कोणत्या टोकाने फोडावे यावरून ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’मध्ये जे भांडण आहे, त्यातून ती आली.

इंटरनेट प्रोटोकॉलच्या शीर्षकांत (हेडरमध्ये) बिग-एंडियन क्रम असतो. एक्स८६ यंत्रावर पोर्ट (नेटवर्कवरील सेवेचा क्रमांक) ८०८० हा बाइटक्रम न बदलता दिला, तर नेटवर्कवर तो ९०१एफ, म्हणजे ३६८९५ ठरतो. प्रोग्रॅम तक्रार न करता भलत्याच पोर्टवर जातो, म्हणून ही चूक सापडायला वेळ लागतो. ३६८९५ सारखा अनोळखी आकडा दिसला की आधी त्याचे बाइट उलटून पाहावेत.

मजकुरातही हेच घडते. ‘क’चा युनिकोड क्रमांक (प्रत्येक अक्षराला दिलेला ठरावीक क्रमांक) षोडशमानात ०९१५, यूटीएफ-१६ या अक्षरे बाइटांत लिहिण्याच्या पद्धतीमध्ये बाइट उलटे वाचले तर १५०९ होतो, आणि ‘क’च्या जागी कॅनडातील मूलनिवासी भाषांच्या लिपीतले अक्षर उमटते. यूटीएफ-८ या दुसऱ्या पद्धतीमध्ये ‘क’ नेहमी ई० ए४ ९५ असाच लिहिला जातो.