टॅरंट्युला हातावर घेण्याआधी

ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरच्या एखाद्या टॉवरमध्ये कुणी टॅरंट्युला पाळलाय असं कळलं, की शेजाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, ‘चावतो का हो?’ त्याआधी विचारायला हवं, की हा कोळी मूळचा कुठला? मेक्सिको-चिलीकडचा असेल तर धोका एक, आणि भारत-आफ्रिकेकडचा असेल तर निराळाच.

अमेरिका खंडांतल्या बहुतेक जातींच्या पोटावर सूक्ष्म काटेरी केस असतात. डिवचलं की कोळी मागचे पाय पोटावर भराभर घासतो आणि ते केस हवेत उडतात. त्वचेत रुतले तर खाज आणि पुरळ, श्वासात गेले तर शिंका, खोकला. दमेकऱ्याला त्याहून जास्त त्रास. खरी भीती डोळ्यांची. ब्रिटनमधल्या लीड्सच्या डॉक्टरांनी 2010 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एका तरुणाची हकिगत छापली होती. त्याचा डोळा तीन आठवडे लाल होता, पाणी गळत होतं. जंतुसंसर्गाची औषधं देऊन झाली, पण फरक पडेना. शेवटी मोठ्या भिंगातून पाहिलं तेव्हा कॉर्नियात, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात, बारीक केस रुतलेले दिसले. मग त्याला आठवलं, की पाळलेल्या कोळ्याच्या टाकीची काच घासत असताना त्या ‘चिलियन रोझ’ जातीच्या कोळ्याने तोंडावर काहीतरी उडवलं होतं. ते केस इतके बारीक होते, की चिमट्यानेही काढता आले नाहीत.

म्हणजे कोळ्याला हात न लावताही इजा होऊ शकते. टाकी साफ करताना डोळ्यांना पूर्ण झाकणारा गॉगल आणि रबरी हातमोजे घालावेत, आणि मुख्य म्हणजे पंखा बंद ठेवावा. आपल्या दमट हवेत हे जिवावर येतं, पण फिरत्या पंख्याखाली ते केस घरभर पसरतात. त्वचेवरचे केस चिकटपट्टीने उचलावेत, मग धुवावं. डोळ्यात गेले तर चोळू नये. स्वच्छ पाण्याने धुऊन नेत्रतज्ज्ञाकडे जावं आणि घरात टॅरंट्युला आहे हे न विचारताच सांगावं.

भारतीय जातींकडे हे केस नाहीत. त्यामुळे त्यांची भिस्त वेगावर आणि दातांवर. झाडांच्या ढोलीत राहणारे पोइसिलोथेरिया वंशाचे कोळी भारत आणि श्रीलंकेतलेच, सह्याद्रीतही सापडतात. त्यांच्या दंशाने स्नायूंमध्ये जबर पेटके येतात, तेही कधी कधी काही तास उलटल्यावर, आणि ते अनेक दिवस टिकू शकतात. टॅरंट्युलाच्या विषाने माणूस दगावल्याची खात्रीशीर नोंद नाही. मात्र ऑस्ट्रेलियात तिथल्या टॅरंट्युलांनी चावलेले पाळीव कुत्रे मेल्याच्या नोंदी आहेत. इंटरनेटवरचा अमेरिकन हौशी माणूस आपला शांत कोळी तळहातावर फिरवतो, ते पाहून इथे पोइसिलोथेरिया उचलणं हा शुद्ध आगाऊपणा आहे. दंश झालाच तर जखम साबणाने धुवावी आणि डॉक्टरांना दाखवावी. सापाच्या विषावरची लस इथे कामाची नाही.

आता कोळ्याची बाजू. त्याचं पोट मऊ, पातळ आवरणाचं असतं. हातातून निसटून कमरेच्या उंचीवरून फरशीवर पडला, तर ते फाटून तो मरू शकतो. पाय ताणायला त्याला शरीरातल्या द्रवाचा दाब लागतो, त्यामुळे द्रव वाहून गेला की चालणंच थांबतं. कात टाकताना तो उताणा पडून राहतो. नवखे मालक मेला समजून हलवायला जातात. तेव्हा आणि त्यानंतर दात कडक होईपर्यंत त्याला हातही लावू नये, खाणंही देऊ नये. हाताळण्यातून त्याला काही आनंद मिळतो असा पुरावा नाही; हौस सगळी आपलीच. टाकी बदलायची असेल तर पारदर्शक डबा वरून ठेवावा, खालून पुठ्ठा सरकवावा, बस्स. आणि सोसायटीत पेस्ट कंट्रोल किंवा डासांची धूरफवारणी असेल त्या दिवशी टाकी दुसऱ्या घरी न्यावी, कारण झुरळांचं औषध कोळ्यालाही मारतं.

पाळायचाच असेल तर कागद तपासा. पोइसिलोथेरिया आणि मेक्सिकोचे ब्रॅकिपेल्मा हे दोन्ही वंश वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, आणि 2022 मध्ये सुधारलेल्या वन्यजीव कायद्याने अशा प्राण्यांची नोंदणी बंधनकारक केली आहे. येऊरच्या जंगलातून कोळी उचलून आणणं तर सरळ गुन्हा, कारण ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं क्षेत्र आहे. पावसाळ्यात मादीच्या शोधात भटकणारा एखादा नर तिथल्या बंगल्याच्या भिंतीवर दिसला, तर त्यालाही तोच डबा आणि पुठ्ठा लावून बाहेर झाडाशी सोडावा.